नितळ पाणी, रिकामा ओढा

पाणी खराब झालंय हे आपण कशावरून ओळखतो? रंगावरून, वासावरून, फार तर वर तरंगणाऱ्या फेसावरून. पाणी नितळ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण विसाव्या शतकात नॉर्वेच्या दक्षिण भागात, स्वीडनमध्ये आणि अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या जंगलांत असे कितीतरी ओढे सापडले की ज्यांचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आजूबाजूला कारखाना नव्हता, साधं गावही नव्हतं, आणि तरी त्यांत मासा नव्हता. म्हातारे लोक सांगायचे की लहानपणी आम्ही इथे ट्राउट पकडायचो. मग मासे गेले कुठे?

आम्हा सिव्हिलवाल्यांना एन्व्हायर्न्मेंटलच्या प्रॅक्टिकलला पाण्याचा पीएच काढावा लागतो. जर्नलमध्ये तो एका ओळीत येतो आणि एका ओळीत संपतो. या ओढ्यांबद्दल वाचायला लागलो तेव्हा त्या एका ओळीमागे केवढं रामायण आहे ते कळलं. तेच तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. इतर ब्रँचच्या मंडळींनी घाबरू नये, बारावीची केमिस्ट्री पुरेशी आहे!

आधी थोडी उजळणी

पीएच म्हणजेच सामू. १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी मांडली. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल. विसरायला होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ही पट्टी लॉगरिदमिक आहे. पीएच एकने उतरला म्हणजे आम्ल दहापट झालं, दोनने उतरला म्हणजे शंभरपट.

पावसाचं अगदी शुद्ध पाणीसुद्धा सात नसतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते ५.६ च्या आसपास येतं. मात्र दगडी कोळसा आणि तेल जाळलं की सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं हवेत जातात, आणि ढगात त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होतं. हा पाऊस काल-परवा सापडलेला नाही. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मँचेस्टरच्या पावसात आम्ल असल्याचं दाखवलं होतं, आणि १८७२ च्या आपल्या पुस्तकात त्याने ‘ॲसिड रेन’ हा शब्द वापरला.

पुढे शहरातली हवा सुधारावी म्हणून चिमण्या उंच केल्या गेल्या. शहराची हवा सुधारली, पण धूर शेकडो किलोमीटर लांब जायला लागला. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने जाहीरपणे मांडलं की आमच्या देशात पडणाऱ्या आम्लाचा मोठा भाग ब्रिटन आणि मध्य युरोपातून येतोय. कचरा शेजाऱ्याच्या अंगणात ढकलण्याचाच हा प्रकार, फक्त हवेतून!

अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्याच्या डोंगराळ जंगलात हबर्ड ब्रूक नावाचं संशोधन केंद्र आहे. १९६३ साली जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पावसाचा आणि ओढ्यांचा रासायनिक हिशोब ठेवायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी त्यांच्या हाती आलेल्या पावसाच्या नमुन्याचा पीएच ३.७ निघाला. कुठे ५.६ आणि कुठे ३.७! जवळपास ऐंशीपट आम्ल. तेसुद्धा जंगलात!

गंमत म्हणजे या लोकांचं मुख्य उपकरण आपल्या ओळखीचं आहे. हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये आपण ज्या व्ही-नॉचवरून पाणी सोडून डिस्चार्ज काढतो, तोच व्ही-नॉच त्यांनी प्रत्येक छोट्या ओढ्याच्या तळाशी काँक्रीटमध्ये बसवला. खालचा खडक पाणी झिरपू न देणारा, त्यामुळे त्या खोऱ्यात पडलेलं पाणी एक तर झाडांतून आणि जमिनीवरून वाफ होऊन जाणार, नाही तर याच नॉचवरून. किती आलं, किती गेलं, काय घेऊन गेलं, सगळा ताळेबंद मांडता येतो.

सगळेच ओढे का मेले नाहीत?

आम्ल पाऊस तर मोठ्या प्रदेशावर पडत होता. मग एक ओढा मरतो आणि दुसरा टुणटुणीत राहतो, असं का? याचं उत्तर आपल्या टायट्रेशनमध्ये आहे.

अल्कलिनिटीचं प्रॅक्टिकल आठवा. फ्लास्कमध्ये पाणी, त्यात मिथाइल ऑरेंज, वर ब्युरेटमध्ये आम्ल. आपण थेंब थेंब सोडत राहतो आणि रंग काही बदलत नाही. बोअरवेलचं पाणी असेल तर हात दुखून येतात. कारण पाण्यातलं बायकार्बोनेट येणारं आम्ल गिळत असतं. ते संपलं की दोन-चार थेंबांत रंग फिरतो. त्या वेळी पीएच असतो साधारण ४.५.

उत्तरेकडच्या या ओढ्यांवर कित्येक दशकं नेमकं हेच चाललं होतं. ब्युरेट आकाशात, फ्लास्क जमिनीवर. फरक इतकाच की तिथल्या फ्लास्कमध्ये गिळणारं फारच थोडं होतं. हिमयुगातल्या हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियातली आणि ईशान्य अमेरिकेतली जुनी माती खरवडून नेली. मागे उरले ग्रॅनाइट, नाइससारखे कठीण खडक आणि त्यांवर मातीचा पातळ थर. हे खडक इतके हळू झिजतात की पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट फारसं येतच नाही. जिथे खाली चुनखडी होती, त्या खोऱ्यांना त्याच पावसाने विशेष काही झालं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर बसलाय. बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतो. म्हणून तर आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे थर चढतात आणि साबणाला फेस येत नाही. ज्या जडपणाला आपण हॉस्टेलवर रोज शिव्या घालतो, त्याचा थोडासा अंश जरी त्या ओढ्यांत असता तरी तिथले मासे वाचले असते!

थोडक्यात, पीएच म्हणजे आजचा खिशातला पैसा आणि अल्कलिनिटी म्हणजे बँकेतली शिल्लक. दोन ओढ्यांचा पीएच आज सारखाच सहा असू शकतो, पण कोण उद्या दिवाळं काढणार आहे ते शिल्लक पाहिल्याशिवाय कळत नाही.

खरा मारेकरी: ॲल्युमिनियम

आता मला स्वतःला सगळ्यात नवी वाटलेली गोष्ट. मासा मरतो तो बऱ्याचदा नुसत्या आम्लाने नाही, तर ॲल्युमिनियमने.

ॲल्युमिनियम हा पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉनच्या खालोखाल आढळणारा घटक. प्रत्येक मातीत तो भरपूर असतो, पण खनिजांत घट्ट बांधलेला. मातीवर आम्ल पाऊस पडत राहिला की आधी मातीच्या कणांना चिकटलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटून वाहून जातं. त्यांचा साठा आटला की ॲल्युमिनियम सुटायला लागतं. पाण्याचा पीएच साडेपाचच्या खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम झपाट्याने वाढतं.

ते माशाला काय करतं? तुरटी आठवा. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके तयार होतात आणि गाळ घेऊन खाली बसतात. जार टेस्टमध्ये आपण हेच बघतो. आम्ल ओढ्यात ॲल्युमिनियम विरघळलेलं असतं, पण माशाच्या कल्ल्यांना लागून असलेलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा किंचित कमी आम्ल असतं, कारण मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. त्यामुळे तिथे पोचल्यावर ॲल्युमिनियमचा साका व्हायला लागतो. म्हणजे तुरटीचं काम थेट माशाच्या श्वासाच्या जागेवर! कल्ले बुळबुळीत होतात, सुजतात, ऑक्सिजन आत जाईना होतो.

दुसरा मार आम्लाचा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं. ते धरून ठेवायचं कामही कल्लेच करतात, आणि त्यांच्या पेशींमधले सांधे घट्ट राहण्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं. पाणी आम्ल, त्यात कॅल्शियम कमी, म्हणजे सांधे सैल आणि अंगातलं सोडियम, क्लोराइड गळायला लागतं. गुदमरणं आणि मीठ गळणं, दोन्ही एकदम.

मासे नंतर, किडे आधी

मासा सगळ्यांच्या नजरेत भरतो, पण ओढ्याचा डोलारा उभा असतो तो दगडांखालच्या किड्यांवर. जंगलातल्या लहान ओढ्यावर झाडांची गर्द सावली असते, त्यामुळे पाण्यात शेवाळ कमी वाढतं. तिथलं मुख्य अन्न म्हणजे वरून पडलेली पानं. बुरशी ती मऊ करते, किडे ती कुरतडतात आणि मासे किडे खातात.

या मंडळींची सहनशक्ती वेगवेगळी असते. गोगलगाईंना शंखासाठी कॅल्शियम लागतं, त्यामुळे पीएच सहाच्या खाली गेला की त्या दिसेनाशा होतात. गॅमारस नावाचा झिंग्यासारखा छोटा जीवही तसाच. मेफ्लाय नावाच्या नाजूक किड्यांच्या कितीतरी जाती साडेपाचच्या आसपास गळतात. उलट स्टोनफ्लायच्या काही जाती बऱ्याच आम्ल पाण्यातही तग धरतात. म्हणूनच नॉर्वेत नुसता मीटर न बुडवता दगड उलटून खाली कोण आहे ते बघतात. मीटर सांगतो या क्षणाचा पीएच. मेफ्लाय जिवंत सापडला, तर गेल्या काही महिन्यांत पाणी एकदाही फार बिघडलं नसणार हे कळतं.

हे सगळं आम्लामुळेच होतं कशावरून? हबर्ड ब्रूकच्या लोकांनी १९७७ मध्ये नॉरिस ब्रूक या ओढ्याच्या एका भागात मुद्दाम आम्ल सोडून एप्रिल ते सप्टेंबर पीएच चारच्या आसपास ठेवला आणि वरचा भाग तुलनेसाठी तसाच सोडला. खालच्या भागात तळातून ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम सुटलं, सुरुवातीलाच किडे मोठ्या संख्येने प्रवाहाबरोबर वाहून जायला लागले आणि पंख फुटून बाहेर पडणाऱ्या मेफ्लाय घटल्या. एकच ओढा, एकच हवामान, फरक फक्त आम्लाचा. मग शंकेला जागा राहत नाही.

सरासरीचा सापळा

आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा, एका ओढ्याचा पीएच वर्षातले ५० आठवडे ६.२ आहे आणि दोन आठवडे ४.८. सरासरी काढा. येते ६.१५! रिपोर्टमध्ये ‘समाधानकारक’ असा शेरा बसेल, आणि ओढ्यात मासा मात्र एकही नसेल.

उत्तरेत हे दोन आठवडे कधी येतात? बर्फ वितळताना. हिवाळाभर पडलेल्या बर्फात आम्ल साठत जातं. वसंतात बर्फ वितळायला लागला की पहिल्या पाण्यातच त्यातलं बरंचसं आम्ल धुऊन बाहेर येतं. शिवाय एवढं पाणी एकदम आलं की ते मातीच्या वरच्या आम्ल थरातूनच घाईने ओढ्यात उतरतं, खोल जाऊन खडकाकडून कॅल्शियम घ्यायला त्याला सवड नसते. नेमक्या याच दिवसांत ट्राउटची नुकती जन्मलेली पिल्लं खडीतून बाहेर पडत असतात आणि सॅमनची पिल्लं समुद्राकडे निघायच्या तयारीत असतात. हीच त्यांची सगळ्यात नाजूक अवस्था.

१९७५ च्या वसंतात दक्षिण नॉर्वेच्या तोवदाल नदीत असंच झालं आणि हजारो ट्राउट मेले. संशोधकांनी तिथल्या माशांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातले क्षार खूप खाली गेलेले आढळले. कुणी विष सोडलं नव्हतं, कुठली टाकी फुटली नव्हती. फक्त बर्फ वितळला होता.

पूल बांधताना आपण सरासरी पूर धरत नाही, सगळ्यात मोठा पूर धरतो. जिवंत ओढ्यालाही तोच नियम लागू आहे.

पण आम्ल म्हणजे आजार, असंही नाही

इथपर्यंत वाचून वाटेल की कमी पीएच दिसला की टाका चुना! स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून सरकारी खर्चाने चुना टाकायला सुरुवात झालीच. दक्षिणेत त्याचा उपयोगही झाला. पण देशाच्या उत्तर भागात वेगळंच चित्र निघालं.

तिथे सूचिपर्णी जंगलं आहेत आणि मधे मधे दलदली. कुजलेल्या पानांतून आणि शेवाळातून सेंद्रिय आम्लं पाण्यात उतरतात. पाणी दिसतं आपल्या मेसच्या चहासारखं (दूध घालण्यापूर्वीच्या!). बर्फ वितळताना तिथेही पीएच एक-दोन अंकांनी घसरतो. पण २००० च्या सुमारास केविन बिशप, यलमार लाउडॉन आणि सहकाऱ्यांनी या घसरणीतला माणसाचा वाटा आणि निसर्गाचा वाटा वेगळा करून दाखवला, तेव्हा उत्तरेत बहुतेक घसरण नैसर्गिक निघाली. हिमयुग संपल्यापासून ते ओढे दर वसंतात असेच आम्ल होत आलेत आणि तिथले जीव त्याला सरावलेत. शिवाय ही सेंद्रिय द्रव्यं ॲल्युमिनियमला बांधून ठेवतात, त्यामुळे तोच पीएच असूनही चहाच्या रंगाचं पाणी नितळ पाण्यापेक्षा कमी घातक ठरतं.

अशा ठिकाणी चुना टाकणं म्हणजे धडधाकट माणसाला औषध पाजणं. दलदलीवर चुना पसरला तर तिथलं स्फॅग्नम शेवाळच मरतं, कारण ते आम्ल जागीच वाढणारं. पीएच सारखा, पण एक ओढा आजारी आणि दुसरा निरोगी. आकडा एकच, निदान दोन!

दुरुस्ती किती सोपी?

अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९९० मध्ये त्यात गंधकाच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारी दुरुस्ती झाली. युरोपीय देशांनी आणि उत्तर अमेरिकेने १९७९ मध्ये जिनिव्हात सरहद्द ओलांडणाऱ्या प्रदूषणाबाबत करार केला. हे खरोखर जमलं. हबर्ड ब्रूकच्या पावसाचा पीएच पूर्वी ४.१-४.२ च्या आसपास असायचा, तो आता पाचच्या पुढे गेलाय.

मग ओढे लगेच सुधारायला हवे होते. ते सुधारले नाहीत. १९९६ मध्ये लाइकेन्स, ड्रिस्कॉल आणि बूसो यांनी तीस वर्षांचा ताळेबंद मांडून कारण सांगितलं, की आम्लाने मातीतलं कॅल्शियमच धुऊन नेलंय. खर्च थांबला म्हणून रिकामं खातं आपोआप भरत नाही. ते भरणार खडक झिजेल तसं, म्हणजे कित्येक दशकांत.

मग १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १२ हेक्टरच्या एका खोऱ्यावर त्यांनी हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या पसरल्या. आम्लाने जेवढं कॅल्शियम नेलं असेल, साधारण तेवढं परत. शुगर मेपलची झाडं सुधारली, पाण्यातलं ॲल्युमिनियम कमी झालं. पण दहा-बारा वर्षांनी त्याच ओढ्यातून नायट्रेट जास्त वाहून यायला लागलं, जे कुणाच्या अंदाजात नव्हतं.

नॉर्वेने नद्यांच्या काठी चुनखडीची पूड मोजून सोडणारी यंत्रं बसवली. प्रवाह आणि पीएच बघून डोस ठरतो. मान्दाल नदीत १९९७ पासून असा चुना सुरू झाला आणि हरवलेला सॅमन परत आला. पण इथेही तुरटीचा धडा आहेच. चुना दिलेल्या नदीला एखादा आम्ल ओढा येऊन मिळतो, तिथे काही अंतरापर्यंत ॲल्युमिनियमचे पुंजके बनत असतात आणि तो पट्टा माशांना मूळ आम्ल पाण्याहून घातक ठरू शकतो. डोस कुठे द्यायचा, हेही किती द्यायचा इतकंच महत्त्वाचं.

तर मुद्दा काय?

इंजिनिअर झाल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणांच्या सहीने पाण्याचे रिपोर्ट निघतील. त्यात पीएचचा रकाना असेलच. त्या आकड्याला तीन प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावून घ्यावी असं मला वाटतं. शिल्लक किती आहे? सोबत काय विरघळून आलंय? आणि वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा कोणता? हे तीन प्रश्न न विचारता लिहिलेला ‘विदिन लिमिट्स’ हा शेरा नुसत्या सहीपुरता असतो.

आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलने विचारलं की ‘अल्कलिनिटी कशासाठी काढतात?’, तर पुस्तकातली व्याख्या झाल्यावर तोवदालच्या ट्राउटची गोष्ट सांगून बघा. मार्कांची हमी मी देत नाही, पण पुढचा प्रश्न विचारायच्या आधी सर जरा थांबतील, हे नक्की!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी